तिसऱ्या ट्रेचं गिऱ्हाईक

बेकरीवाल्या काकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणीच उरलं नव्हतं. सगळी गल्ली त्यांना पहिलेकाका म्हणायची, आणि हे काही त्यांचं आडनाव नव्हे. उठता-बसता त्यांच्या तोंडी एकच असायचं, पहिलं देवाचं. मग पोरांनी नाव पाडलं, मोठ्यांनी उचललं आणि बघता बघता ते बेकरीच्या पाटीपेक्षा जास्त चाललं. काकांनाही ते आवडायचं. चेष्टेत का होईना, लोक दिवसातून दहा वेळा देवाचा नंबर सांगतात, याचं त्यांना समाधान होतं.

आता पहिलं देवाचं म्हणजे किती पहिलं, ते ऐका. सकाळचा चहा समोर आला की काका डोळे मिटायचे. प्रार्थना आखूड नसायची. मळणाऱ्या हातांपासून मैद्याच्या गिरणीपर्यंत आणि आजारी मंडळींपासून परदेशात गेलेल्या भाच्यापर्यंत सगळे त्यात यायचे. चहावर साय धरायची. काकू लग्नानंतर आठवडाभर चहा पुन्हा पुन्हा गरम करत राहिल्या, मग कपावर बशी उपडी घालू लागल्या. ती बशी तेव्हापासून रोज तिथेच असते. फोन वाजला तरी तेच. काका आधी डोळे मिटणार, मग उचलणार. तोवर समोरच्याने कंटाळून ठेवून दिलेला असायचा. काका म्हणायचे, महत्त्वाचं असेल तर पुन्हा करील.

दाताच्या डॉक्टरांकडची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. काकांची दाढ काढायची होती. खुर्चीत बसवलं, दिवा तोंडावर घेतला, सुई देऊन झाली, डॉक्टरांनी पक्कड हातात घेतली आणि काकांनी हाताने थांबा म्हणून सांगितलं. डोळे मिटले. डॉक्टरांसाठी मागितलं, डॉक्टरांच्या मुलाबाळांसाठी मागितलं, पकडीसाठीसुद्धा मागितलं. डॉक्टर बिचारे काय करणार, शेजारच्या खुर्चीकडे वळले आणि तिथल्या बाईची दाढ काढून मोकळे झाले. बाई ओरडली तशी काकांनी आमेन म्हणून डोळे उघडले, गालाला हात लावला आणि विचारलं, "झालं का? काहीच कळलं नाही हो."

लोक हसायचे, पण माणूस ढोंगी नव्हता. रविवारी उपासना सुटेपर्यंत बेकरीचं शटर वर जात नसे, मग बाहेर कुणीही उभं असो. मापात खोट नव्हती. कारागिराला बोलताना कधी आवाज चढला, तर संध्याकाळ व्हायच्या आत त्याची माफी मागून व्हायची. कारागीर म्हणायचा, काकांची माफी त्यांच्या बोलण्यापेक्षा लांब असते.

आणि या सगळ्याच्या वर होता पहिला ट्रे. भट्टीतून निघणारा दिवसाचा पहिला ट्रे देवाचा. तो विकायचा नाही, घरात खायचा नाही, उधार-उसना द्यायचा नाही. टोपलीत घालायचा, वर धुतलेलं फडकं टाकायचं आणि चर्चच्या मागे तिथल्याच मंडळीने चालवलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी पोचवायचा. ही रीत काकांच्या वडिलांची. वडील गेले तेव्हा काकांचा हात धरून एवढंच म्हणाले होते, बाकी तुला जमेल तसं कर, पण पहिला ट्रे मोडू नकोस. काकांनी मोडला नाही. आजारपणं आली, मुलीचं लग्न झालं, एकदा तर छताचं पाणी पिठात गळलं, पण पहिला ट्रे निघाला तो म्हाताऱ्यांच्या घरीच गेला. एखाद्याला आपल्या देहाचा अभिमान असतो, एखाद्याला घराण्याचा. काकांना या ट्रेचा होता. ते बोलून दाखवत नसत, पण टोपली उचलली जाताना त्यांची मान थोडी ताठ व्हायची, हे काकूंच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं.

तर एका सकाळी कारागीर रिकामी टोपली घेऊन परत आला आणि दारातच घुटमळला. काकांनी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, तिथल्या मेट्रनबाईंनी निरोप दिलाय. एक तारखेपासून पाव पाठवू नका, दुसऱ्या बेकरीतून यायचा आहे.

काका पीठ मळायच्या टेबलाशी होते. हात कोपरापर्यंत पिठात. त्यांना आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. कारागिराकडून त्यांनी निरोप पुन्हा म्हणवून घेतला. मग म्हणाले, "अरे, पण आपण पैसे कुठे घेतो?"

"तेच मीही म्हटलं," कारागीर म्हणाला. "त्या म्हणाल्या, मला माहीत आहे. तरी नको."

आता फुकटचा पाव नको म्हणणारं घर आणि विकतचा घेणारं घर, या दोन्ही गोष्टी एकाच घरात कशा राहतात, ते काकांच्या डोक्यात शिरेना. मेट्रनबाई नवीन होत्या, वर्ष झालं नव्हतं येऊन. चौकात नवी बेकरी उघडली होती, काचेची कपाटं, रंगीत दिवे, हातमोजे घालून गिऱ्हाइकाला पाव देणारी मुलं. त्यांनीच बाईंना फितवलं असणार, असं काकांनी ठरवून टाकलं. पण राग त्या बेकरीचा नव्हता. खुपत होतं ते वेगळंच होतं. वडिलांना दिलेला शब्द त्यांनी मोडला नव्हता आणि तरी तो मोडत होता. देवासमोर आपण एक गोष्ट तरी धडपणे केली, असं ज्या गोष्टीबद्दल वाटत होतं, तीच दारातून परत आली होती.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. त्या दिवशी टोपली काकांनी स्वतः उचलली. काकूंनी विचारलं, भांडायला निघालात का? काका म्हणाले, विचारायला निघालोय. काकू म्हणाल्या, चेहरा तर भांडायचा आहे. काकांनी दाराशी उभं राहून डोळे मिटले. भांडायला जातानासुद्धा पहिलं देवाचं. काकूंच्या मते त्या दिवशीची प्रार्थना जरा आखूडच होती.

म्हाताऱ्यांच्या घरात न्याहारीची वेळ होती. लांबच लांब टेबल, त्यावर निळं मेणकापड, दोन्ही बाजूंना बाकं, आणि बाकांवर पंधरा-वीस म्हातारी माणसं स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावून बसलेली. चहाची मोठी किटली फिरत होती. मेट्रनबाई उंच, हडकुळ्या, कामाशी काम ठेवणाऱ्या. काकांनी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "बरं झालं स्वतः आलात. बसा. आधी यांच्याबरोबर चहा-पाव घ्या, मग आपण बोलू."

काकांना बसावं लागलं. टोपलीतले पाव ताटल्यांत वाटले गेले. काकांपुढेही एक आला. काकांनी अर्थातच डोळे मिटले आणि सगळ्यांच्या वतीने प्रार्थना सुरू केली. म्हातारी माणसं सवयीची होती. आमेन झालं. काकांनी डोळे उघडले, तर कुणीही पावाला हात लावला नव्हता. टेबलाच्या दोन्ही अंगांनी ताटल्या एका टोकाकडे सरकत होत्या, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात. त्या टोकाला एक बारीकशी आजी बसली होती. तिने आयुष्यभर शिवणकाम केलेलं, म्हणून तिला सगळे शिवणआजी म्हणायचे. तिच्या हातात शिंप्याची मोठी कात्री होती. ती एकेक पाव उलटा करायची, कात्रीने त्याचा काळा तळ सपासप कापायची, पाव दाबून बघायची, आतला चिकट गोळा बोटाने काढून टाकायची आणि उरलेलं ताटलीत परत ठेवायची. ताटल्या आल्या वाटेने परत जात होत्या. कुणी काही बोलत नव्हतं. रोजचंच काम होतं ते, कुणी वाटाणे सोलावेत तसं.

काकांनी आपल्यापुढचा पाव उलटा केला. तळ कोळशासारखा. वरचं अंग फिकट, आजारी माणसाच्या कपाळासारखं. मोडून पाहिला तर मधे कच्चा. बेकरीवाल्याला दुसऱ्याने सांगावं लागत नाही. काकांनी घास तोंडात घातला आणि तो टाळूला चिकटला.

"दे इकडे," शिवणआजी म्हणाली. "तुझे दात चांगले असतील, पण तेवढे चांगले नसतील."

काकांनी विचारलं, "आजी, रोज असं असतं?"

"रोज. आम्ही याला देवाचा पाव म्हणतो. माणसाला द्यायला नको म्हणून देवाला दिलेला." शेजारचे एकदोघे खुसखुसले. आजी हसली नाही. तिने काकांचा पाव कात्रीत धरला. "मी तुझ्या बापाच्या हातचा पाव खाल्लाय. त्याला कात्री लागत नव्हती, पोरा."

मेट्रनबाईंनी पुढे जे सांगितलं ते साधंच होतं. आधीच्या बाई संकोचाने कधी बोलल्या नाहीत, दानाला नावं कशी ठेवायची म्हणून. त्यांना स्वतःला संकोच नव्हता, पण काकांचा अपमानही करायचा नव्हता, म्हणून कारण न सांगता बंद करायचं ठरवलं. दोन आजोबांच्या हिरड्यांतून रक्त येतं, एका आजीचं पोट बिघडतं. चौकातल्या बेकरीशी बोलून महिन्याचं ठरवून झालंय. एवढं सांगून त्या किटली भरायला निघून गेल्या. भांडायला आलेल्या माणसाला भांडण जाग्यावर सापडलंच नाही.

काका घरी परतताना सरळ रस्त्याने आले नाहीत. मागच्या गल्लीने, शाळेच्या भिंतीच्या कडेने, उगाच लांबून आले. चालता चालता सगळं उलगडत गेलं आणि उलगडू नये असंही वाटत राहिलं.

वडिलांची भट्टी विटांची होती. संध्याकाळपासून तिच्या पोटात लाकडं जळायची. पहाटे निखारे ओढून काढायचे, ओल्या गोणपाटाने फरशी पुसायची, आणि मग भट्टी थोडी शांत होऊ द्यायची. विटांत मुरलेली ती ऊब सगळीकडून सारखी यायची. त्यात जो पहिला ट्रे जाई तो दिवसातला सगळ्यात देखणा निघे, सोन्यासारखा, वाजवला तर पोकळ आवाज देणारा. पुढे पुढे भट्टी निवत जाई, मग शेवटी टोस्ट, बिस्किटं. वडील सगळ्यात चांगलं ते उचलून देवाला देत होते. ते सगळ्यात आधी निघत होतं, म्हणून त्याला पहिला ट्रे म्हणत होते.

ती भट्टी खचली तेव्हा काकांनी गॅसवरची लोखंडी भट्टी घेतली. लोखंडी भट्टीची तऱ्हा उलटी. काटा सांगतो तापली म्हणून, पण खालचा पत्रा रागावलेला असतो आणि वरचा अजून जागा व्हायचा असतो. पहिला ट्रे खालून जळतो, वरून फिका राहतो. दुसरा बरा. तिसऱ्याला भट्टी मुरते आणि पाव निघतो तो असा की गल्लीच्या टोकापर्यंत वास जातो. दुकानासमोरची सकाळची रांग त्या तिसऱ्या ट्रेसाठीच लागायची. हे काकांना माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं? रोज स्वतःच्या हाताने काढत होते.

मग भट्टी बसवायला आलेला माणूस आठवला. त्याने सांगितलं होतं, पहिला ट्रे गिऱ्हाइकाला देऊ नका, नाव खराब होईल. काका त्याला म्हणाले होते, आमच्याकडे पहिला ट्रे विकतच नाही, तो देवाचा. त्यावर तो माणूस म्हणाला, "मग तर तुमचं काहीच नुकसान नाही." आणि काका खूश झाले होते. खरंच खूश झाले होते, त्याला चहा पाजला होता. चहावर प्रार्थनाही केली होती.

शाळेच्या भिंतीपाशी काका जरा वेळ थांबले.

दुपारी गिऱ्हाईक कमी झालं तेव्हा त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. कात्रीचंही सांगितलं. काकू फडकी धूत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला वाटायचं, तुम्हाला माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलू? त्या ट्रेबद्दल बोलायचं म्हणजे देवाबद्दल बोलल्यासारखं व्हायचं तुमच्याशी." काकूंनी फडकं पिळलं. "आणि खरं सांगू? ते आपल्याला बरं पडत होतं. फेकण्यासारखं होतं ते पुण्यात जात होतं."

काका म्हणाले, आता तिसरा ट्रे द्यायला हवा. म्हणाले खरे, पण लगेच चेहरा पडला. वडिलांनी पहिला सांगितला होता. शेवटचा शब्द होता माणसाचा. आपण आपल्या डोक्याने पहिल्याचा तिसरा करायचा का? चर्चच्या पाळकसाहेबांना विचारू का? काकूंनी बादली उपडी केली.

"अहो, मामंजींनी तुम्हाला ट्रे सांगितला होता का देव सांगितला होता?"

पाळकसाहेबांकडे जायचं राहिलं.

"मग पहिल्याचं काय करायचं?" काकांनी थोड्या वेळाने विचारलं.

"खायचा आपण," काकू म्हणाल्या. "आपल्या हातचा आहे, दुसऱ्या कुणाच्या माथी कशाला?"

दुसऱ्या दिवशी पहिला ट्रे स्वयंपाकघरात गेला. कारागीर घास चावत म्हणाला, काका, याच्यावर एक प्रार्थना पुरायची नाही. दुसरा ट्रे दुकानात गेला. तिसरा निघाला, नेहमीसारखा, आणि काकांनी तो टोपलीत घालायला घेतला. बाहेर रांगेत सगळ्यात पुढे रिटायर झालेले कंपाउंडर होते. ते रोज पुढेच असायचे. आयुष्यभर औषधाच्या खिडकीच्या आत उभे राहून लोकांच्या रांगा पाहिल्या, त्याची भरपाई म्हणून आता रांगेत पहिले उभे राहत, असं ते स्वतःच सांगायचे. त्यांनी विचारलं, हा कुठे चालला? काका म्हणाले, देवाचा आहे.

"देवाचा पहिला असतो ना?"

"आता तिसरा."

"बढती झाली का?" कंपाउंडर म्हणाले. मागे हशा पिकला. "आणि आम्ही काय खायचं?"

चौथा येतोय, असं सांगून काका निघाले. त्यांना घाई होती. वाटेत त्यांनी मनात वाक्यं जुळवली होती, क्षमा मागण्याची, पुन्हा पाठवू द्या म्हणण्याची. मेट्रनबाईंनी फडकं उचलून पाव पाहिले, एक मोडून पाहिला आणि मान हलवली. छान आहेत, असं स्पष्ट म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण मी चौकातल्या मुलाला महिनाभराचा शब्द दिलाय. त्याने माझ्या भरवशावर मैदा भरलाय. तुमचा पाव सुधारला म्हणून माझा शब्द कसा मोडू?"

काकांना शब्दाचं महत्त्व दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती. त्यांनी टोपली उचलली. आत न्याहारीच्या टेबलावर चौकातल्या बेकरीचे पाव दिसत होते. तिथे कात्री नव्हती.

टोपली घेऊन ते दुकानात परत आले. काकूंनी ऐकलं आणि म्हणाल्या, मग महिनाभर विका. महिना संपला की द्या. तुमच्या मनात आहे ना, झालं. देव काही तारीख बघत नाही. बोलणं खोटं नव्हतं. चौथा ट्रे संपत आला होता, कंपाउंडर अजून तिथेच रेंगाळत होते, त्यांनी टोपलीकडे बघून पिशवी पुढे केली. काकांनी फडक्याचं टोक धरलंही. पाव अजून कोमट होते, फडक्याला वाफेचा ओलावा होता. आणि काकांच्या लक्षात आलं की आजवर त्यांना हे कधी करावं लागलं नव्हतं. चांगला ट्रे हातात असताना तो न विकणं. इतकी वर्षं ज्याला त्याग समजत होते तो करताना हात कधी मागे ओढलाच गेला नव्हता. आज ओढला जात होता, चांगला सणसणीत ओढला जात होता.

त्यांनी फडकं पुन्हा सारखं केलं आणि टोपली घेऊन बाहेर पडले. कुठे निघालात, असं काकूंनी विचारलं तर म्हणाले, बघतो.

मोठ्या रस्त्यापलीकडे सरकारी दवाखाना होता. त्याच्या फाटकाबाहेर पेशंटांचे नातेवाईक पडून असायचे, आत सोडायची वेळ होईस्तोवर. कुणी वर्तमानपत्र अंथरून, कुणी भिंतीला टेकून, सगळे पारोसे आणि जागरणाने डोळे सुजलेले. काकांनी तिथे टोपली खाली ठेवली. पहिला माणूस जवळ आला आणि भाव विचारला. काका म्हणाले, भाव नाही, घ्या. तो दोन पावलं मागे सरला आणि बाकीच्यांना म्हणाला, निवडणूक आली वाटतं. एकाने विचारलं, पक्ष कुठला? काका गोंधळले. कंबरेला पीठ लागलेला ॲप्रन, हातात फडकं, पक्ष काय सांगणार? शेवटी एक बाई उठली. कडेवर पोर होतं. तिने पाव घेतला, वास घेतला आणि विचारलं, "का देता?"

काकांना एकच वाक्य येत होतं. "पहिलं देवाचं असतं," ते म्हणाले.

"मग देवाला द्या की."

"त्यालाच देतोय," काका म्हणाले, आणि म्हटल्यावर स्वतःच जरा दचकले.

बाईने पाव मोडला, अर्धा पोराच्या हातात दिला. मग बाकीचे आले. टोपली रिकामी व्हायला वेळ लागला नाही. काका परत निघाले आणि रस्ता ओलांडताना त्यांच्या ध्यानात आलं की आपण प्रार्थना केलीच नाही. वाटण्याआधी डोळे मिटायचे राहून गेले. जन्मात असं झालं नव्हतं. त्यांनी तिथेच दुभाजकावर उभं राहून डोळे मिटायला घेतले, पण एका रिक्षावाल्याने असा हॉर्न दिला की उरलेलं दुकानात येऊन केलं.

महिनाभर तिसरा ट्रे फाटकावर गेला. लोक रोज बदलायचे, म्हणून पक्षाचा प्रश्न रोज यायचा. रांगेतली काही गिऱ्हाइकं चौकाकडे वळली, त्यातली काही परत आली. काका झोपेतून अर्धा तास आधी उठून पाहू लागले, भट्टी रिकामी तापवली तर पहिला ट्रे सुधारतो का. थोडा सुधारला. काकू म्हणाल्या, आता तळ ब्राऊन आहे, काळा नाही, आपली प्रगती आहे. पण तो घरातच राहिला. काकांच्या मानेचा ताठा मात्र गेला होता. टोपली वजनदार असली की मान तशीही खाली राहते, असं कारागिराचं म्हणणं.

महिना सरत आला आणि एका सकाळी रांगेत मेट्रनबाई दिसल्या. कंपाउंडरांच्या मागे, पिशवी न घेता. त्यांचा नंबर आला तसं त्यांनी सगळ्यांसमोरच विचारलं, उद्यापासून पाव पाठवाल का? चौकातल्या मुलाला दिलेला शब्द आज पुरा होतोय, त्याला आधी सांगितलंय. काकांच्या मनात लख्ख उजाडलं. याच दिवसासाठी महिनाभर देवाकडे डोळे लावले होते. हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात फाटकावरचे लोक आठवले. आता तो ट्रे त्यांचा झाला होता.

"बाई, पाठवतो," काका म्हणाले. "पण तिसरा नाही. तिसऱ्याचं गिऱ्हाईक ठरलंय. तुमच्यासाठी चौथा काढतो. तोही तसाच असतो, हवं तर आज नेऊन बघा. आवडला नाही तर सांगा, कारण न सांगता बंद नका करू."

मेट्रनबाईंनी मान डोलावली. म्हणाल्या, सांगेन. त्या सांगतील याबद्दल कुणालाच शंका वाटली नाही.

कंपाउंडर हे सगळं पिशवी उघडी धरून ऐकत होते. त्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे तिसरा गेला, चौथा गेला. आमचा पाचवा?"

"पाचवा."

"आणि पहिला कुणाचा, ते तरी कळू दे."

"तो आम्ही खातो."

"आणि देवाचा कितवा म्हणायचा मग?"

काकांनी थोडा विचार केला. आतून कारागिराने हाक मारली, काका, तिसरा निघाला. काकांनी कंपाउंडरांना, बसा हो जरा, असं म्हणून बाकडं पुढे सरकवलं, फडकं खांद्यावर टाकलं आणि टोपली आणायला आत गेले.